नुसते ऐकून काय होते?

"काहो, नुसते ऐकून काय होते?" पुनावळ्याच्या आमच्या सोसायटीत हा प्रश्न मला हमखास विचारला जातो. निवृत्त झाल्यापासून आठवड्यातले तीन तास मी पुण्यातल्या एका हेल्पलाइनवर फोन घेतो. मनाने खचलेला माणूस बोलेल ते ऐकायचे, एवढेच काम. कोणाची हकिकत बाहेर सांगायची नाही, हा तिथला पहिला नियम. तेव्हा ती सांगणार नाही. माझी चूक मात्र सांगतो.

भोसरीच्या एमआयडीसीत माझी तीस वर्षे मेंटेनन्समध्ये गेली. मशीन बंद पडले की दोष शोधायचा आणि दुरुस्त करायचा, हीच सवय. सुरुवातीच्या दिवसांत एका फोनवर पलीकडून बराच वेळ शब्दच येईना. ती शांतता मला सोसली नाही. "अहो, घरच्यांचा तरी विचार करा," असे मी बोलून गेलो. फोन बंद झाला. पुढे काय झाले, ते मला कधीच कळणार नाही.

खरे तर ही गोष्ट जगाला फार पूर्वी कळली आहे. लंडनमध्ये १९५३ साली चॅड वाराह या धर्मगुरूने आत्महत्येच्या विचारात असलेल्यांसाठी टेलिफोन सेवा सुरू केली. भेटायला आलेल्यांना बाहेर बसलेले स्वयंसेवक चहा देत, त्यांचे ऐकून घेत. वाराह यांच्या लक्षात आले, की त्यानंतर अनेकांना त्यांच्या सल्ल्याची गरजच उरत नाही! पुण्यातही 'कनेक्टिंग' ही संस्था २००५ पासून हेच ऐकण्याचे काम करीत आहे.

पुनावळे १९९७ मध्ये महापालिकेत आले. शेतांच्या जागी टॉवर उभे राहिले, हिंजवडीत आणि कारखान्यांत काम करणारी माणसे दूरदूरहून राहायला आली. लिफ्टमध्ये आम्ही रोज भेटतो, पण नावे ठाऊक नसतात. पूर्वी पारावर सगळे गोड होते असेही नाही. तिथे ऐकणारे होते, तसे चघळणारेही होते. म्हणूनच अनोळखी कानाचा आधार वाटतो.

२०२२ साली देशात १,७०,९२४ जणांनी आत्महत्या केल्या. त्यांतले २२,७४६ महाराष्ट्रातले. हा आकडा सर्व राज्यांत मोठा होता. देशातल्या नोंदींत सुमारे ३२ टक्के आत्महत्यांचे कारण कौटुंबिक समस्या असे आहे. म्हणजे दुखणे पुष्कळदा घरातच असते आणि घरातच ऐकले जात नाही.

सरकार जागे झाले आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्याला तणावग्रस्त मानले, गुन्हेगार नव्हे. २०२२ पासून 'टेलि-मानस'चा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास, मोफत, मराठीतही उपलब्ध आहे. पण फोन म्हणजे उपचार नव्हेत. धोका दिसला तर माणसाला एकटे सोडू नये, डॉक्टरांकडे न्यावे. "जीव द्यावासा वाटतो का?" असे सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार मनात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते.

परवा मुलगा रात्री उशिरा कामावरून आला. "कंटाळलोय बाबा," म्हणाला. "आमच्या वेळी..." हे शब्द माझ्या जिभेवर आले होते. मी टीव्ही बंद केला आणि त्याच्याजवळ जाऊन बसलो. तो तासभर बोलला. नुसते ऐकून काय होते, ते त्याला विचारा.