मधुमेह आहे? पावसाळ्यात आधी पाय सांभाळा
अंधेरी सबवे परिसरात पाणी तुंबले की अनेक जण चप्पल हातात घेऊन त्यातून वाट काढतात. मधुमेहींना हे महागात पडू शकते. साखर बराच काळ वाढलेली राहिली की पायांची संवेदना कमी होते. काच लागली तरी कळत नाही, जखमही लवकर भरत नाही. त्याच जखमेतून उंदरांच्या मूत्रातले लेप्टोचे जंतू शरीरात शिरू शकतात. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईत लेप्टोची साथ पसरली होती.

म्हणून घरी येताच पाय साबणाने धुवा, बोटांच्या बेचक्या कोरड्या करा, तळवे आरशात पाहा. तुंबलेल्या पाण्यातून चालला असाल तर ताप येण्याची वाट न पाहता ७२ तासांच्या आत पालिकेच्या दवाखान्यात जाऊन प्रतिबंधक गोळ्यांबाबत विचारा. पावसाळ्यात साखरेइतकेच पायही नियमित तपासा.