‘जातीयवादी’ हा शब्द असा उधळू नका

पुण्यात हिप-हॉप ऐकणाऱ्या, लिहिणाऱ्या, चौकात उभं राहून गाणाऱ्या मित्रमैत्रिणींनो,

गेल्या महिन्यात आपल्यातल्या एका पोराला आपण हाकलून दिलं. रॅपर एमसी स्टॅनच्या एका गाण्याबद्दल तो एवढंच म्हणाला होता, की ऑटोट्यून इतकं चढवलंय की आवाजातलं दुखणं ऐकूच येत नाही. दहा मिनिटांत तो ‘पेठेतला’ ठरला, अर्ध्या तासात जातीयवादी, आणि रात्रीच्या जेवणापर्यंत मुसलमानांचा द्वेष्टा. त्याचं आडनाव तेवढ्याला पुरलं. तो खरंच सदाशिव पेठेत राहतो. राहू दे की! तो जे बोलला, त्याला एकानंही उत्तर दिलं नाही. मी तिथेच होतो आणि गप्प बसलो. म्हणून हे पत्रक.

वस्तीतल्या कलावंताबद्दल या शहराच्या मनात आकस नाही, असं मी म्हणत नाही. तो आहे आणि मी तो जवळून पाहिलाय. ताडीवाला रोडच्या वस्तीत वाढलेला अल्ताफ, म्हणजेच एमसी स्टॅन, १२ फेब्रुवारी २०२३ ला ‘बिग बॉस’ जिंकला, तेव्हा त्याचं एकही गाणं न ऐकलेली माणसं त्याच्या दातांवर, कपड्यांवर, बोलण्यावर, धर्मावर तोंडाला येईल ते बोलत होती. ‘झोपडपट्टीछाप’ हा शब्द मी चांगल्या शिकलेल्या तोंडांतून ऐकला. पुढच्याच महिन्यात इंदूरला बजरंग दलाच्या लोकांनी त्याचा कार्यक्रम बंद पाडला.

त्याहून काळी गोष्ट शिर्डीची. मे २०१५ मध्ये तिथे एका दलित तरुणाच्या मोबाइलवर बाबासाहेबांवरचं गाणं वाजलं. त्यावरून भांडण उकरून काढलं गेलं आणि त्याला ठार मारलं गेलं. रिंगटोन होती ती. गाण्यावरून जातीचा द्वेष म्हणजे काय, ते तिथे दिसतं.

आता मला सांगा, शिर्डीत जे घडलं त्याला जो शब्द लावायचा, तोच शब्द ‘ऑटोट्यून जास्त झालंय’ म्हणणाऱ्या पोराला लावायचा? मग उद्या खरोखर कुणाला जात विचारून स्टेजवरून खाली उतरवलं, तर आपल्याकडे कुठला शब्द उरणार? आणि आपण तो ओरडून सांगितला, तरी लोक म्हणतील, हे तर रोजच ओरडतात. आपल्या या सवयीचा सगळ्यात मोठा फायदा खऱ्या जातीयवाद्यालाच होतो. त्याला खोट्या आरोपांच्या गर्दीत लपायला जागा मिळते.

त्या पोराचं म्हणणं तरी काय होतं, ते एकदा शांतपणे पाहू. ऑटोट्यून १९९७ मध्ये बाजारात आलं, बेसुऱ्या जागा दुरुस्त करायला. पुढच्याच वर्षी शेर या गायिकेच्या ‘बिलीव्ह’ गाण्यात ते मुद्दाम कानाला कळेल इतकं वापरलं गेलं आणि तो एक रंगच होऊन बसला. ऑटोट्यूनचा सूर दुरुस्त करण्याचा वेग अगदी वाढवला, की गळा एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जातो ती वाट, म्हणजे मींड, तुटते आणि तिथे पायऱ्या पडतात. ज्याचा कान मिंडेवर पोसलाय, त्याला ते खटकणारच. याला उलट उत्तर आहे आणि ते भक्कम आहे. स्टॅन लहानपणी कव्वाली गायलेला पोरगा आहे, सूर चुकतो म्हणून तो हे यंत्र लावत नाही. तो गार, धातूसारखा आवाज त्याच्या गाण्यातल्या एकटेपणाचाच भाग आहे. ‘इन्सान’ हा अल्बम हेडफोन लावून सलग ऐका, म्हणजे कळेल. हे उत्तर मला त्या संध्याकाळी येत होतं. आपल्यातल्या निदान पाच जणांना येत होतं. ते दिलं असतं तर तो पोरगा ऐकून घरी गेला असता, कदाचित पटलंही असतं त्याला. आपण त्याचं आडनाव उच्चारलं आणि वाद संपवला.

आडनावावरून माणसाचं मन ओळखायचं, हे आपण कुणाकडून शिकलो? ज्यांच्याविरुद्ध उभे आहोत असं आपण म्हणतो, त्यांच्याचकडून.

याच पुण्यात शंभर वर्षांपूर्वी गाण्यांतून जातीचं भांडण पेटलं होतं. गणपतीतल्या ब्राह्मणी मेळ्यांना उत्तर म्हणून ब्राह्मणेतरांचे छत्रपती मेळे उभे राहिले. दिनकरराव जवळकरांनी १९२५ मध्ये ‘देशाचे दुश्मन’ लिहिलं, केशवराव जेध्यांनी ते प्रसिद्ध केलं. टिळक-चिपळूणकरांबद्दल त्यात जी भाषा आहे ती शिवराळ आहे, मला ती पटत नाही. पण पुस्तकावर नावं छापलेली होती. खटला झाला, शिक्षा झाली, अपिलात डॉ. बाबासाहेब आंबेडकर वकील म्हणून उभे राहिले आणि १९२६ मध्ये मंडळी सुटली. आरोप करणारे आपल्या शब्दामागे उभे होते, तुरुंगाच्या दारापर्यंत. आपण मात्र एखाद्याला जातीयवादी ठरवतो आणि दुसऱ्या दिवशी चहा पिताना ते विसरूनही जातो. ज्याला म्हटलं तो विसरत नाही.

या सवयीचा सगळ्यात वाईट मार मुलींना बसतो, आणि त्याबद्दल मला राग आहे. आपल्या पुष्कळ गाण्यांत बायकांना घाणेरड्या शिव्या असतात. वस्तीतलीच एक मुलगी, स्वतः रॅप लिहिणारी, हे बोलली तेव्हा तिला काय ऐकावं लागलं? ‘तू वरच्या लोकांची भाषा बोलतेस.’ ती पाण्याच्या टँकरच्या रांगेत उभी राहणारी पोरगी आहे. त्या शिव्या तिला गल्लीत रोज ऐकाव्या लागतात, आपण त्या बीटवर ऐकतो. वस्तीची बाजू घेतो म्हणता म्हणता आपण वस्तीतल्याच मुलीचं तोंड बंद केलं.

आणि कलावंताचं तरी आपण भलं करतोय का? २०१९ मध्ये स्टॅन आणि एमिवे एकमेकांवर डिस ट्रॅक सोडत होते, तेव्हा कुणी कुणाची गय केली नाही. रॅप याच मातीत उगवलंय. समोरच्याच्या ओळी फोडायच्या, त्याचा फ्लो कुठे अडखळला ते दाखवायचं, आणि मग त्यानं याहून कडक लिहून यायचं. ज्या पोरानं कुणाकडे दया मागितली नाही, त्याच्याभोवती आपण ‘बिचारा वस्तीतला आहे, त्याला काही बोलू नका’ असं कुंपण घालतोय. हा त्याचा अपमान आहे.

मिरवणुकीतल्या डीजेबद्दलही हेच चाललंय. राहत्या भागात रात्री ४५ डेसिबलची मर्यादा २००० सालच्या नियमांत लिहिलेली आहे. घरात तान्हं बाळ आहे म्हणून आवाज कमी करा म्हणणारी बाई सणाची वैरी कशी ठरते, बहुजनांची शत्रू कशी ठरते?

माझं मागणं साधं आहे. समोरचा गाण्याबद्दल बोलत असेल तर गाण्यानं उत्तर द्या. तो घराबद्दल, जातीबद्दल, धर्माबद्दल बोलत असेल तर त्याचे नेमके शब्द पुन्हा उच्चारा, चारचौघांत, त्याच्या तोंडावर, आपलं नाव सांगून, आणि मग अजिबात सोडू नका. मी तुमच्या पुढे उभा राहीन. पण शब्द दाखवता येत नसतील तर आरोप करू नका. आणि केलाच असेल, तर ज्या लोकांसमोर केला त्यांच्यासमोरच मागे घ्या.

मी त्या पोराला फोन केला, माफी मागितली. येत्या रविवारी संध्याकाळी नेहमीच्या जागी आपण जमणार आहोत, तिथे तो येईल. त्याची एक अट आहे: त्या गाण्याचं दुसरं कडवं कुणीतरी ऑटोट्यूनशिवाय, नुसत्या गळ्यानं म्हणून दाखवायचं, मग तो सांगेल त्याला काय कमी वाटलं ते. मी पाठ करतोय. ज्यांनी त्या दिवशी त्याला नावं ठेवली, त्यांनी जरूर या.

तुमच्यातलाच एक, पुणे