बेकारीचा विमा आणि आपली हजेरी-वही

कारखाना बंद पडल्याची वार्ता धान्याच्या व्यापाऱ्यास वर्तमानपत्रापूर्वी कळते. किरकोळ दुकानदाराची उधारी लांबते, चांगला गहू नेणारे गिऱ्हाईक हलका माल मागू लागते. सन २००८ च्या दिवाळीनंतर सुरतेतील हिऱ्यांचे अनेक कारखाने सुटी संपूनही उघडले नाहीत, तेव्हा हे आपण सर्वांनी पाहिले आहे. मार्च २०२० च्या टाळेबंदीत खानदेशातून उधना-लिंबायत भागात येऊन राहिलेल्या कामगारांची जी दशा झाली, तीही विसरण्याजोगी नव्हे.

अशा प्रसंगी सरकार काय करते, असा प्रश्न आपण सहज विचारतो. सर्व देशातील बेकारांना पुरेल असा विमा भारतात नाही, हे खरे. परंतु काहीच नाही, असे म्हणणे अज्ञानाचे होईल. १९४८ च्या कायद्याने उभ्या राहिलेल्या कर्मचारी राज्य विमा निगमाने १ जुलै २०१८ पासून ‘अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना’ चालू केली. नोकरी गेलेल्या विमेदारास सरासरी रोजंदारीच्या २५ टक्के रक्कम, आयुष्यातून एकदा, जास्तीत जास्त ९० दिवस मिळावयाची होती. २४ मार्च २०२० पासून हे प्रमाण ५० टक्के करण्यात आले व त्या सवलतीस पुढे मुदतवाढही मिळाली. गैरवर्तनामुळे काढलेल्यास किंवा निवृत्त झालेल्यास मात्र हा भत्ता नाही.

त्याच वेळी आणखी एक सुधारणा झाली, आणि माझ्या मते तीच अधिक मोलाची होय. पूर्वी अर्ज शेवटच्या मालकामार्फत करावा लागे. ज्याच्या दाराला कुलूप लागले, त्याच्याच सहीसाठी कामगाराने हिंडावे, हा कोठला न्याय? तो अर्ज कामगारास स्वतः करता येऊ लागला, आणि ९० दिवसांऐवजी ३० दिवसांनी करता येऊ लागला.

आता व्यापाऱ्याच्या रीतीने हिशेब पाहू. महिना १५,००० रुपये पगाराच्या तोलाऱ्यामागे मालकाने ३.२५ टक्के, म्हणजे ४८७ रुपये ५० पैसे भरावयाचे, तोलाऱ्याचे ०.७५ टक्क्याने ११२ रुपये ५० पैसे. एवढ्यात दवाखाना, आजारपणाचा भत्ता वगैरे सर्व आले. नोकरी गेल्यास वाढीव दराने ९० दिवसांचे २२,५०० रुपये होतात. संसार त्यावर वर्षभर चालणार नाही. पण मुलाची शाळा सुटण्यापूर्वी दुसरे काम शोधण्यास अवधी मिळतो.

घरबसल्या पैसे मिळाले तर माणूस आळशी होईल, असे काही बंधू म्हणतात. निम्म्या पगारावर तीन महिने काढून पाहावेत, मग बोलावे! आणि आपण गोदामातील मालाचा आगीचा विमा उतरवितो, म्हणून आग लागावी अशी इच्छा थोडीच करतो?

खरी अडचण निराळीच आहे. ज्याचे नाव वहीत नाही, त्यास विमा नाही. पीस-दराने काम करणारे कितीतरी कारागीर याच कारणाने कोरडे राहिले. आपल्याही पेढ्यांत दिवाणजी, तोलारी, हमाल वीस-वीस वर्षे राबतात आणि कागदावर कोठेच नसतात. अडल्यानडल्यास आपण त्यांना हात देतो, ही आपल्या समाजाची जुनी व चांगली रीत आहे. तथापि शेठजींच्या मर्जीने मिळणारे साहाय्य आणि स्वतःच्या वर्गणीने मिळणारा हक्क यांत अंतर आहे. हक्क मागताना मान खाली घालावी लागत नाही.

दहा माणसांहून कमी असलेल्या पेढ्या आजवर ‘आम्हास कायदा लागू नाही’ असे म्हणत आल्या. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत मालक व बहुसंख्य नोकर यांच्या संमतीने लहान पेढीसही विम्यात येण्याची वाट आहे. या कामी कागदपत्रे पुष्कळ लागतात व त्यांचा कंटाळा येतो, हे मान्य. म्हणून आपल्या संस्थेने आठवड्यातून दोन दिवस कार्यालयात एक जाणकार कारकून बसवावा. सभासदांची नोंदणी, नोकरांचे आधार व बँक खात्याचे तपशील आणि प्रसंग आल्यास भत्त्याचा अर्ज, एवढे त्याने पाहावे. त्याच्या पगारापैकी माझ्या पेढीचा वाटा मी आजच लिहून देण्यास तयार आहे.