स्टेटमेंटमधल्या त्या १९९ रुपयांचं काय?

पगाराच्या आठवड्यात आमच्या चिकलठाणा एमआयडीसीत चहाच्या टपरीवर उभं राहिलं की हल्ली हा विषय हमखास निघतो. कुणीतरी मोबाइल पुढे करतं, "हे काय आहे बघा बरं दादा." क्रेडिट कार्डाचं स्टेटमेंट. पेट्रोल, किराणा, मोबाइलचा हप्ता, आणि मध्येच १९९ नाहीतर ४९९ रुपये. समोर कधी न ऐकलेल्या कंपनीचं इंग्रजी नाव. मागचे महिने काढले तर तीच ओळ, तीच रक्कम.

मित्रांनो, ही रक्कम उगाच लहान ठेवलेली नसते. भांडण्यापेक्षा सोडून देणं स्वस्त पडेल, एवढीच ती असते. १९९ रुपयांसाठी अर्धा दिवस रजा टाकून जालना रोडवरच्या बँकेत कोण जाणार? पण वर्षाचे होतात २,३८८. आपला किराणावाला उधारीच्या वहीत लिहितानासुद्धा आपल्याला विचारून, आपल्यासमोर लिहितो. इथे वही त्यांची, पेनही त्यांचंच.

बरं, नियम नाहीत असंही नाही. कार्डावरून दर महिन्याला आपोआप कापल्या जाणाऱ्या पैशांसाठी रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०१९ मध्ये नियम काढले. मुदतवाढ मिळत मिळत १ ऑक्टोबर २०२१ पासून ते सक्तीने लागू झाले. पहिल्यांदा परवानगी देताना ओटीपी लागतो. नंतर दर वेळी पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी मेसेज यायला हवा, त्यात कंपनीचं नाव, रक्कम, तारीख असावी आणि नको असेल तर थांबवायची सोय असावी.

गोम इथेच आहे. मेसेज बहुतेक वेळा इंग्रजीत येतो, तोही लोन आणि ऑफरच्या ढिगाऱ्यात. त्यातलं नाव कित्येकदा आपण वापरलेल्या ॲपचं नसतं, त्यामागच्या कंपनीचं असतं. माणसाने ओळखायचं कसं? आणि ओटीपीशिवाय कापायची मर्यादा बघा. सुरुवातीला २,००० होती, मग ५,००० झाली, जून २०२२ मध्ये थेट १५,०००. साहेब, आमच्याकडे कितीतरी कंत्राटी पोरांच्या हातात महिनाभर राबून जवळपास एवढेच पडतात! ही मर्यादा ज्याच्या त्याने ठरवावी आणि मेसेज मराठीत यावा, एवढी साधी मागणी आपल्या खासदारांनी दिल्लीत मांडायला काय हरकत आहे?

आता दोन गोष्टींची गल्लत करू नका. एक म्हणजे फ्रॉड. तुम्ही काहीच केलं नाही तरी पैसे गेले. परदेशी वेबसाइटवर तर ओटीपी न मागताही कार्ड चालून जातं, म्हणून गरज नसेल तर आंतरराष्ट्रीय व्यवहार बँकेच्या ॲपमधून आजच बंद करून टाका. ती सोय देणं बँकांना बंधनकारक आहे.

दुसरा प्रकार 'महिनाभर फुकट'वाला. घ्यायला एक बटण, सोडायला सात पानं. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ ला अशा १३ फसव्या क्लृप्त्यांवर बंदी घातली, त्यात हा सबस्क्रिप्शनचा सापळाही आहे. यासाठी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करा. आणि ॲप डिलीट केलं म्हणजे वर्गणी बंद झाली, असं अजिबात नाही. बँकेच्या ॲपमध्ये किंवा साइटवर ई-मॅन्डेट नाहीतर स्टँडिंग इन्स्ट्रक्शन शोधा आणि तिथून ते रद्द करा.

कस्टमर केअरला फोन केला की ठरलेलं उत्तर मिळतं, "ओटीपी तुम्हीच दिला असेल." इथे गप्प बसायचं नाही. गिऱ्हाइकाची जबाबदारी सिद्ध करायचं ओझं बँकेवर आहे, असं रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात लिहिलेलं आहे. चूक तुमचीही नाही आणि बँकेचीही नाही, अशा फ्रॉडची खबर मेसेज आल्यापासून तीन कामकाजी दिवसांत दिली, तर तुमच्यावर एक रुपयाही येत नाही. उशीर केला की नुकसानीतला काही वाटा तुमच्या माथी येऊ शकतो. म्हणून स्टेटमेंटची वाट न बघता मेसेज आल्या आल्या उचला. फ्रॉड असेल तर १९३० लाही कळवा.

फोनवर भागवू नका, ईमेल करा आणि तक्रार क्रमांक घ्या. बिलावर हरकत घेतली तर ३० दिवसांत खुलासा देणं कार्ड कंपनीला भाग आहे. फ्रॉड म्हणून हरकत घेतलेल्या रकमेवर निकाल लागेपर्यंत शुल्क लावता येत नाही. बाकीचं बिल मात्र वेळेत भरा, रागाच्या भरात सगळंच अडवलं तर व्याज तुमच्याच बोकांडी बसेल. ३० दिवसांत उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. ऑनलाइन तक्रारीला फी लागत नाही, वकीलही लागत नाही. माहितीसाठी नंबर १४४४८.