पाऊस सगळ्यांवर पडतो, बंदी मात्र मुलींवर

जून लागला की आमच्या भागातल्या मुलींचं धावणं बंद होतं. सातारा जिल्ह्याच्या पश्चिमेकडच्या डोंगराळ गावांमध्ये मी गेली नऊ वर्षं काम करते. बचत गट, घरातल्या मारहाणीच्या तक्रारी, किशोरींची शिबिरं असं कामाचं स्वरूप. या गावांमधल्या अनेक मुली पोलीस भरतीची तयारी करतात. मैदान कुठल्याच गावात नाही, म्हणून पहाटे उठून त्या घाटरस्त्याने नाहीतर डोंगरातल्या पायवाटेने धावतात. मला स्वतःला धावायची आवड असल्यामुळे जमेल तेव्हा मीही त्यांच्यात असते. उन्हाळ्यात पंधरा-वीसजणी दिसतात. पहिला मोठा पाऊस झाला की चार-पाच उरतात. मुलगे मात्र तेवढेच असतात. चिखलात लोळून आलेल्या मुलाला घरात गरम पाणी मिळतं, आणि तशीच भिजून आलेल्या मुलीला बोलणी बसतात.

घरोघरी जाऊन मी कारणं विचारली. पाय घसरेल, ताप येईल, पाळीत भिजणं वाईट, धुक्यात कोणी गाठलं तर, ओले कपडे अंगाला चिकटतात ते लोक बघतात. एका आजींनी तर सगळ्याचं सार एका वाक्यात सांगितलं, ‘पाय मोडला तर करून कोण घेणार हाय तिला?’ आजींना मी दोष देत नाही. जे सगळे मनात म्हणतात ते त्या तोंडाने म्हणाल्या, इतकंच.

पण मैत्रिणींनो, याच घरातल्या याच मुली जुलैमध्ये भाताच्या लावणीला दिवसभर गुडघाभर चिखलात वाकलेल्या असतात. वैरणीचा भारा डोक्यावर घेऊन त्याच निसरड्या वाटेने, त्याच धुक्यातून उतरतात. ओढ्याला पाणी आलं तरी पलीकडच्या वाडीवरून गुरं आणायची असतातच. तेव्हा पाळी आड येत नाही, ताप आठवत नाही, ओले कपडेही कोणाच्या डोळ्यांत येत नाहीत. महाबळेश्वरच्या पट्ट्यात वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. त्या पावसात बाईने ओझं घेऊन चालणं हे काम, आणि ओझ्याशिवाय धावणं हा आगाऊपणा! मग अडचण पावसाची आहे का? बाई कोणासाठीही काही न आणता, स्वतःच्या पायांनी, स्वतःच्या मर्जीने डोंगर चढते आहे, अडचण त्याची आहे.

याला व्यवहाराची बाजूही आहे. २०२४ सालच्या पोलीस भरतीची मैदानी चाचणी जून महिन्यात, पाऊस तोंडावर असताना सुरू झाली. परीक्षा पावसात घ्यायला शासनाला चालतं, आणि सराव पावसात करायला घराला चालत नाही. शंभर मीटरची धाव दोघांनाही आहे, पण मोठी धाव पुरुषांना सोळाशे मीटर आणि स्त्रियांना आठशे मीटर. अर्ध्या अंतरात स्त्री दमते हे कोणी ठरवलं, याचाही कधीतरी विचार व्हायला हवा.

हे ठरवणारे लोक नवे नाहीत. १९२८ साली ॲमस्टरडॅमच्या ऑलिंपिकमध्ये स्त्रियांची आठशे मीटरची शर्यत पहिल्यांदा झाली. धावून दमलेल्या स्त्रियांची वर्णनं वर्तमानपत्रांनी अशी रंगवली की जणू त्या मरायलाच टेकल्या होत्या. त्यानंतर १९६० पर्यंत ऑलिंपिकमध्ये स्त्रियांना दोनशे मीटरपेक्षा लांब शर्यत नव्हती. बत्तीस वर्षं! १९६७ मध्ये बोस्टन मॅरेथॉनमध्ये कॅथरीन स्विट्झर धावत असताना एका अधिकाऱ्याने तिला भर रस्त्यात धरून बाहेर काढायचा प्रयत्न केला. ऑलिंपिकमध्ये स्त्रियांची मॅरेथॉन यायला १९८४ साल उजाडलं. प्रत्येक वेळी कारण एकच, बाईच्या शरीराची काळजी. गर्भाशयाला धोका, प्रकृती नाजूक. ज्या काळात ही काळजी चालली होती, त्याच काळात जगभरच्या कष्टकरी बायका मैलोन्‌मैल पाणी वाहत होत्या. त्यांच्या गर्भाशयाची चौकशी कोणत्याही समितीने केली नाही.

आता खराब हवेत डोंगरात धावण्याचीच दोन उदाहरणं सांगते. इंग्लंडमध्ये पेनाइन वे नावाची डोंगरवाट आहे, लांबी २६८ मैल, म्हणजे सुमारे ४३० किलोमीटर. त्या वाटेवर भर जानेवारीत, बर्फ, वारा आणि दिवसातला बहुतेक वेळ अंधार अशा हवेत स्पाइन रेस होते. २०१९ साली ही शर्यत जास्मिन पॅरिस या पशुवैद्यक स्त्रीने ८३ तास १२ मिनिटांत जिंकली. स्त्रियांमध्ये पहिली नव्हे, सगळ्यांत पहिली. आधीच्या विक्रमापेक्षा तब्बल बारा तास कमी वेळात. तिची मुलगी चौदा महिन्यांची होती, आणि वाटेतल्या थांब्यांवर ती अंगावरचं दूध काढून ठेवत होती. आईपण आणि डोंगर यांचं वैर आहे, असं आपल्याला सांगितलं जातं. ते वैर तिथे तरी दिसलं नाही.

दुसरं उदाहरण सोफी पॉवरचं. आल्प्स पर्वतात मॉं ब्लांच्या भोवती सुमारे १७० किलोमीटरची शर्यत होते. दुखापत झालेल्या धावपटूला आपला प्रवेश पुढच्या वर्षावर नेता येत होता, पण गरोदरपणासाठी ती सोय नव्हती. मोठ्या कष्टाने मिळालेला प्रवेश वाया जाऊ नये म्हणून सोफी २०१८ साली बाळंतपणानंतर तीन महिन्यांनी धावली. थांब्यावर बाळाला पाजतानाचा तिचा फोटो जगभर गेला. लोकांनी तिच्या जिद्दीचं कौतुक केलं. पण खरा प्रश्न जिद्दीचा नव्हताच. बाळंतिणीला डोंगरात धावायची वेळ आणणारा नियम कोणी लिहिला, हा प्रश्न होता. ओरड झाल्यावर नियम बदलले. म्हणजे ते बदलता येत होते!

‘तुम्ही परदेशातलं सांगता,’ असं कोणी म्हणेल. नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्यासारख्या आदिवासी पाड्यातून आलेल्या कविता राऊतने २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये कांस्य आणि त्याच वर्षी आशियाई स्पर्धेत रौप्य पदक मिळवलं. माण तालुक्यातली ललिता बाबर २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत पोचली. या मुली आपल्याच डोंगरांतल्या, आपल्याच दुष्काळी माळावरच्या. अशा किती मुली पहिल्याच पावसात घरी बसवल्या गेल्या असतील, याची मोजदाद कोण ठेवणार?

धोका नसतोच, असं मात्र मी म्हणणार नाही. तसं म्हणणं म्हणजे मुलींशी खोटं बोलणं होईल. २२ मे २०२१ रोजी चीनमधल्या गान्सू प्रांतात शंभर किलोमीटरच्या डोंगरी शर्यतीत अचानक गारठा, गारा आणि सोसाट्याचा वारा आला आणि एकवीस धावपटू मरण पावले. वारा अडवणारं जाकीट जवळ असलंच पाहिजे, अशी सक्ती आयोजकांनी केली नव्हती. एका मेंढपाळाने आपल्या आसऱ्याच्या गुहेत नेऊन सहाजणांना वाचवलं. आपल्याकडे २०१४ ला माळीण, जुलै २०२१ मध्ये महाडचं तळिये आणि आमच्या पाटण तालुक्यातलं आंबेघर, मिरगाव, २०२३ ला इर्शाळवाडी. डोंगर खाली येतो तेव्हा तो बाई-पुरुष बघत नाही, आणि घरात बसलेल्यांनाही सोडत नाही.

म्हणूनच खरी सुरक्षितता आणि ‘बाईची सुरक्षितता’ यांतला फरक ओळखला पाहिजे. दरडीचा इशारा असेल तर त्या दिवशी कोणीच जायचं नाही, मुलगाही नाही. वीज कडाडायला लागली की पठार सोडून खाली उतरायचं, एकट्या झाडाखाली थांबायचं नाही. ओढ्याचं पाणी गढूळ होऊन चढायला लागलं की ओलांडायचं नाही, लांबचा वळसा परवडतो. सुती कपडा भिजला की अंग गारठवतो, म्हणून लवकर वाळणारा कपडा आणि वाऱ्यासाठी एक जाकीट हवं. शेवाळलेल्या कातळावर पावलं लहान टाकायची. कुठल्या वाटेने निघालो ते मागे सांगून जायचं, आणि एकटीने जायचं नाही. हे सगळं शिकता येतं. शिकवणाऱ्या बायका गावातच आहेत. कुठला ओढा किती वेळात भरतो, कुठली वाट पहिल्या पावसात खचते, हे वैरणीला जाणाऱ्या बाईइतकं कोणाला ठाऊक असतं? आमच्या एका शिबिरात आम्ही धनगरवाड्यावरच्या दोन काकूंनाच मुलींसमोर बसवलं. त्या दोन तासांत जे कळलं, ते कुठल्याही छापील पत्रकात मला सापडलेलं नाही.

चळवळीतल्या काही मैत्रिणी मला विचारतात, मजुरीचा, पाण्याचा, हिंसेचा प्रश्न उभा असताना हे धावण्याचं काय काढलंस? हा तर शहरातल्या, महागडे बूट घेणाऱ्या बायकांचा छंद. आक्षेपात तथ्य आहे. साताऱ्यात २०१२ पासून यवतेश्वरच्या घाटातून हिल मॅरेथॉन होते आणि बाहेरगावाहून हजारो लोक येतात. अशा शर्यती आता अनेक डोंगरांत भरतात. त्या वेळी गावातली बाई कुठे असते? बहुतेक वेळा टाळ्या वाजवायला कडेला, नाहीतर सांडलेले पाण्याचे पेले उचलायला. पण म्हणून धावणं श्रीमंतांना देऊन टाकायचं का? हिंसेच्या तक्रारी ऐकताना मला एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. बाईच्या येण्याजाण्यावरचा ताबा आधी येतो, मार नंतर येतो. कुठे जायचं, केव्हा जायचं, कोणत्या कपड्यात जायचं हे दुसऱ्याने ठरवणं जिथे रुळतं, तिथे पुढचं सगळं सोपं होतं. पावसातलं धावणं हा त्या ताब्यावरचाच प्रश्न आहे. आणि आनंदासाठी केलेली गोष्ट हक्कात बसत नाही, असं आपणच म्हणायला लागलो तर बाईच्या वाट्याला कामच तेवढं उरेल.

तेव्हा आपल्या संघटनांनी काही मागण्या हाती घ्याव्यात असं मला वाटतं. पंचायतीने गावाजवळ मुलींना सरावासाठी पाणी न साठणारी जागा आणि तिथे स्वच्छतागृह द्यावं. भरतीची मैदानी चाचणी भर पावसाळ्यात घेऊ नये. डोंगरात शर्यत भरवणाऱ्यांनी स्थानिक मुलींना विनाशुल्क प्रवेश द्यावा, वाटेत स्वच्छतागृहं ठेवावीत, गरोदर स्त्रीचा प्रवेश पुढच्या वर्षासाठी राखून ठेवावा आणि हवा बिघडली तर शर्यत थांबवायचा निर्णय गावातल्या जाणत्या बायकांना विचारून घ्यावा. आणि आपण स्वतः काय करायचं? येत्या पावसाळ्यात प्रत्येक गटातून दोघी-तिघी मोठ्या बायकांनी पहाटे मुलींसोबत वाटेवर उभं राहायचं. धावायलाच हवं असं नाही. इरलं, छत्री, जे असेल ते घेऊन नुसतं उभं राहिलं तरी पुरे. मुलगी भिजून परत आली की तिच्यासाठीही चुलीवर पाणी तापलेलं असावं, एवढं आपल्या घरापासून सुरू करता येईल.