प्रिंटर घरातच, तरी सापडत नाही?

मुलीच्या प्रवेशअर्जाचा शेवटचा दिवस. प्रिंटर टेबलावर सुरू आणि मोबाइल म्हणतो, 'प्रिंटर सापडला नाही.' अशा वेळी झेरॉक्सच्या दुकानाकडे धावण्यापूर्वी जरा थांबा.

घरच्या वाय-फायवर कोणते यंत्र कुठे आहे, याची मोबाइलला आधी माहिती नसते. म्हणून तो सर्वांना एकदम हाक मारतो, 'छपाई कोण करतं?' प्रिंटर लगेच आपले नाव-पत्ता सांगतो. या हाकेसाठी २२४.०.०.२५१ हा पत्ता राखून ठेवलेला आहे. ॲपलने ही सोय २००२ मध्ये मॅकवर आणली. तिचे नियम २०१३ मध्ये सर्वांसाठी प्रसिद्ध झाले.

मात्र ही हाक त्या वाय-फायच्या उंबरठ्याबाहेर जात नाही. पाहुण्यांसाठी वेगळे वाय-फाय ठेवले असेल आणि मोबाइल चुकून त्यावर असेल, तर प्रिंटरला ती ऐकूच येत नाही. आमच्याकडे नेमके हेच झाले होते आणि मी तासभर शाई तपासत बसले!

आणखी एक. वसतिगृहाच्या वाय-फायवरही ही हाकाहाक चालू शकते आणि लॅपटॉपला दिलेले नाव परक्यांनाही दिसू शकते. मुलीला शिकायला बाहेरगावी पाठवताना लॅपटॉपवरचे तिचे पूर्ण नाव आधी बदलून घ्या.