विश्लेषण : आंतरराष्ट्रीय संबंधांचे शिक्षण जालन्याला कशासाठी हवे?

केंद्र सरकारने १९ ऑगस्ट २०२५ पासून कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क माफ केले. आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, नंतर डिसेंबरअखेरपर्यंत. त्याच महिन्यात, २७ ऑगस्टला, भारतीय मालावरचे अमेरिकी शुल्क ५० टक्क्यांवर गेले. निर्णय वॉशिंग्टनमध्ये झाला, दिल्लीने कापड गिरण्यांना बाहेरच्या स्वस्त रुईची वाट मोकळी करून दिली, आणि घनसावंगी, परतूर, भोकरदनच्या शेतकऱ्याला वेचणीच्या आधीच भावाची काळजी लागली.

ही साखळी उलगडून सांगायला प्रशिक्षित माणूस लागतो. असा माणूस तयार करणाऱ्या शिक्षणाला ‘इंटरनॅशनल अफेअर्स अँड डिप्लोमसी’ म्हणतात. जालन्यात या नावाचा अर्थ बहुतेक वेळा एकच घेतला जातो : राजदूत होणे. त्यामुळे हा विषय आपला नव्हे, असे समजून तो बाजूला पडतो.

या संस्थांमध्ये शिकवतात काय?

पहिल्या महायुद्धानंतर राष्ट्रसंघ स्थापन झाला आणि देशांमधला व्यवहार हा अभ्यासाचा स्वतंत्र विषय बनला. जिनिव्हातील पदव्युत्तर संस्था १९२७ ची, अमेरिकेतील फ्लेचर स्कूल १९३३ चे. भारतात १९५५ मध्ये दिल्लीच्या सप्रू हाउसमध्ये ‘इंडियन स्कूल ऑफ इंटरनॅशनल स्टडीज’ सुरू झाले. १९७० मध्ये ते जवाहरलाल नेहरू विद्यापीठात (जेएनयू) विलीन झाले. सध्याचे परराष्ट्रमंत्री एस. जयशंकर यांची पीएच.डी. जेएनयूचीच.

अभ्यासक्रमात आंतरराष्ट्रीय कायदा, व्यापार व अर्थकारण, एखाद्या प्रदेशाचा सखोल अभ्यास, परकीय भाषा आणि वाटाघाटी असतात. यातला शेवटचा भाग सर्वात उपयोगाचा. वर्गात लुटुपुटूच्या वाटाघाटी होतात आणि विद्यार्थ्याला अनेकदा समोरच्या देशाची बाजू लढवावी लागते. समोरच्याला नेमके काय हवे आहे हे कळल्याशिवाय करारातली कुठली ओळ आपल्याला महागात पडेल, हे कळत नाही.

आयएफएससाठी ही पदवी लागते का?

नाही. भारतीय परराष्ट्र सेवेची वाट यूपीएससीच्या नागरी सेवा परीक्षेतून जाते आणि तिथे कोणत्याही शाखेची पदवी चालते. पूर्वपरीक्षेचा पेपर हिंदी-इंग्रजीत असला तरी मुख्य परीक्षा मराठीतून लिहिता येते. निवड झाल्यावर दिल्लीच्या सुषमा स्वराज परराष्ट्र सेवा संस्थेत प्रशिक्षण होते आणि एक परकीय भाषा शिकणे सक्तीचे असते.

कोल्हापूर जिल्ह्यातील अब्दुललाटचे ज्ञानेश्वर मुळे १९८३ मध्ये या सेवेत आले. जपानपासून सुरुवात करून ते न्यूयॉर्कमध्ये महावाणिज्य दूत आणि पुढे परराष्ट्र मंत्रालयात सचिव झाले. जालन्यालाही यूपीएससी नवी नाही. शेलगावचे अन्सार शेख २०१५ च्या परीक्षेतून वयाच्या २१ व्या वर्षी आयएएससाठी निवडले गेले.

मात्र आकडे निर्दय आहेत. परराष्ट्र सेवेच्या जागा २०२३ च्या परीक्षेत ३७ होत्या, २०२४ च्या परीक्षेत ५५. साऱ्या देशासाठी एवढ्याच. क्लासच्या पोस्टरवर हा आकडा सहसा नसतो.

मग ही पदवी हवी कुणाला?

त्यासाठी जालना एमआयडीसीत एक चक्कर मारली तरी पुरे. इथल्या भट्ट्यांमध्ये लोखंडी भंगार वितळते आणि रोलिंग मिलमधून सळई बाहेर पडते. भंगार देशातले असते तसे समुद्रापलीकडचेही. युरोपीय संघाचा कचरा वाहतुकीचा नवा नियम मे २०२४ मध्ये अमलात आला. त्यानुसार २१ मे २०२७ पासून ‘ओईसीडी’ गटाबाहेरच्या देशांना भंगार पाठवायचे तर त्या देशाचे नाव युरोपने मान्य केलेल्या यादीत असावे लागेल. भारत या गटात नाही. यादीत येण्यासाठी अर्ज करावा लागतो आणि आपल्याकडे भंगारावर पर्यावरणाला धक्का न लावता प्रक्रिया होते, हे दाखवावे लागते. अर्ज दिल्लीतून जाणार हे खरे, पण तपासणीचा विषय जालन्यासारख्या ठिकाणच्या भट्ट्याच आहेत. ब्रसेल्समधून निघालेला तो मसुदा वेळेत वाचून उद्योजकांना सावध करणे हे या पदवीचे काम.

बियाण्यांचे प्रकरण याहून गुंतागुंतीचे आहे. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये जालन्यात महिको सुरू केली. १९९८ मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. २००२ मध्ये देशात बीटी कापूस आला तो महिको आणि अमेरिकेच्या मोन्सँटोच्या भागीदारीतून. म्हणजे मराठवाड्याच्या कापसात आंतरराष्ट्रीय करार अक्षरशः पेरला गेला.

आता वाद आहे वाणांच्या मालकीचा. ‘युपोव्ह’ हा आंतरराष्ट्रीय करार नवे वाण तयार करणाऱ्याला भक्कम हक्क देतो. भारत त्याचा सदस्य नाही. आपला २००१ चा कायदा शेतकऱ्याला बियाणे राखून ठेवायला, देवाणघेवाण करायला आणि ब्रँडचे नाव न लावता विकायलाही मुभा देतो. व्यापार करारांच्या वाटाघाटींत विकसित देश ‘युपोव्ह’चा आग्रह धरतात. हा आग्रह मान्य झाला तर संशोधनावर पैसा घालणाऱ्या बियाणे कंपनीला तो सोयीचा, आणि घरचे बियाणे वापरणाऱ्या शेतकऱ्याला अडचणीचा. दोघेही याच जिल्ह्यातले. जालन्याचे हित नेमके कशात, याचे उत्तर दिल्लीत बसून देता येणार नाही आणि नुसत्या घोषणांनीही मिळणार नाही.

मोसंबीचेही तसेच. जालन्याच्या मोसंबीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. मात्र भारतातले मानांकन परदेशात आपोआप लागू होत नाही. तिथे वेगळी नोंदणी लागते किंवा व्यापार करारात तशी तरतूद असावी लागते. शेजारच्या विदर्भातील संत्रा उत्पादकांना बांगलादेशाने वाढवलेल्या आयात शुल्काने कसे पोळले, हे मोसंबीवाल्यांनी पाहिलेलेच आहे.

जालन्यातून वाट कशी काढायची?

जेएनयूचे शुल्क नाममात्र आहे. पदव्युत्तर प्रवेश २०२२ पासून सीयूईटी-पीजी परीक्षेतून होतात. तिचे सामान्य पेपर हिंदी आणि इंग्रजीत असतात, मराठीत नाहीत. मराठी माध्यमातून बी.ए. झालेल्या मुलामुलींची पहिली अडचण इथे सुरू होते. पुण्यात सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा संरक्षण व सामरिकशास्त्र विभाग आहे. सिम्बायोसिसची आंतरराष्ट्रीय अभ्यासाची संस्थाही तिथेच आहे, पण खासगी संस्थांचे शुल्क दोन एकर कोरडवाहूच्या उत्पन्नात बसणारे नसते.

परदेशी जायचे असेल तर अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती आहे. तिच्या जागा वर्षाला ७५, तेही सर्व शाखा मिळून.

इंग्रजी वाचनाची तयारी बी.ए.च्या पहिल्या वर्षापासूनच करावी लागते. करारांची भाषा कायद्याची असते आणि ती तिसऱ्या वर्षाच्या उन्हाळ्यात घाईघाईने शिकता येत नाही.

जिल्ह्यातच सोय होऊ शकते का?

मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेचे (आयसीटी) मराठवाडा केंद्र २०१८ मध्ये जालन्यात सुरू झाले. मोठी संस्था इथे येऊच शकत नाही, असे त्यामुळे म्हणता येत नाही. तरीही राजनयाची पूर्ण संस्था उभारण्याची मागणी आज अवास्तव ठरेल. भाषांचे प्राध्यापक, ग्रंथालय, दूतावासांशी संपर्क या गोष्टी भूमिपूजनाने येत नाहीत. जालन्याच्या ड्रायपोर्टचे भूमिपूजन डिसेंबर २०१५ मधले. भूमिपूजन आणि मालाची वाहतूक यांत किती अंतर असते, हे जालनेकरांना वेगळे सांगायला नको.

करता येण्याजोगे आहे ते छोटे काम : डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाने जालन्यातील एखाद्या संलग्न महाविद्यालयात व्यापार वाटाघाटींचा एक वर्षाचा पदव्युत्तर डिप्लोमा सुरू करणे. राज्यशास्त्राच्या एम.ए.मध्ये आंतरराष्ट्रीय संबंध शिकवले जातात, पण तिथे भर सिद्धांतांवर असतो. इथे प्रकल्पाचे विषय दाराशी आहेत. एका गटाने युरोपचा भंगार नियम मराठीत आणावा, दुसऱ्याने ‘युपोव्ह’वर कंपनी आणि शेतकरी अशा दोन्ही बाजूंनी टिपण करावे, तिसऱ्याने कापसाच्या शुल्कमाफीच्या आधीचे आणि नंतरचे बाजार समितीतले भाव मांडावेत. निवृत्त राजनयिक अधिकारी ऑनलाइन शिकवू शकतात. समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला, तेव्हा मुंबईहून प्रत्यक्ष येणेही पूर्वीसारखे अवघड राहिलेले नाही.

खर्चाचा वाटा सळई आणि बियाणे उद्योगांनी उचलायला हरकत नसावी. बाहेरच्या देशातला एक नियम चुकीचा वाचला गेला आणि बंदरात कंटेनर अडकला, तर त्याचे रोजचे भाडे त्यांनाच भरावे लागते.